बेंबी बसवणारीचा मुलगा

सगुणाकडे येणारी माणसं उपाशी यायची. तसा नियमच होता. बेंबी बसवायची तर सकाळच्या रित्या पोटी, चहाचा घोटसुद्धा न घेता. म्हणून चूल पेटायच्या आधीच तिच्या ओट्यावर कुणी ना कुणी पोट धरून बसलेलं असे. कुणी भाताचं पोतं उचललेलं, कुणी डोक्यावर हंडे घेऊन घसरलेलं, कुणाचं पोर झाडावरून उडी मारून आलेलं. बोर्ली पंचतनच्या बाजारापासून चार किलोमीटर आत, तीस-बत्तीस घरांचा तो कोंड. तिथं डॉक्टर नव्हता, सगुणा होती.

ती चटई अंथरायची, माणसाला उताणं निजवायची, पायांचे दोन्ही अंगठे जुळवून बघायची. मग खुंटीवरचा काळा दोरा काढून बेंबीपासून छातीपर्यंत डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा माप घ्यायची. दोन मापांत बोटभर फरक निघाला की म्हणायची, "सरकलेय." मग खोबरेल तेलाचा हात, अंगठ्यानं बेंबीतला ठोका शोधणं, बेंबीवर कणकेचा पेटता दिवा आणि त्यावर उपडा तांब्या. तांब्या पोटाला घट्ट धरून बसला की बघणाऱ्यांचाही जीव खाली पडे. शेवटी गुळाचा खडा आणि एक हुकूम : तीन तास उठायचं नाही.

ही विद्या तिला सासूनं दिली होती. येसूबाईचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं सुनेचे हात आपल्या हातात घेतले आणि सांगितलं, "कुणाकडून सुपारीसुदीक घ्यायची न्हाय. घेतलीस का गुण गेला." सगुणानं कधी घेतली नाही. बारावी शिकलेली बाई होती, हे सगळं पुस्तकात बसत नाही एवढं तिला कळत होतं. पण माणसं वाकून यायची आणि ताठ जायची, हेही ती डोळ्यांनी बघत होती. कोंडावरच्या झाडून सगळ्यांची पोटं तिच्या हातांना ठाऊक होती.

एका पोटाला मात्र तिनं दीड वर्षात हात लावला नव्हता. तिच्या मुलाच्या.

ऋत्विक नववीत होता. सातवीपर्यंत तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून दप्तर भरायचा. मग एका पावसाळ्यात त्याचे पाय लांब झाले, आवाज फाटला, ओठावर काजळी धरली. न्हाणीच्या दाराला तो आतून कडी घालायला लागला. एक दिवस सगुणाला मागच्या दोरीवर त्याची चादर वाळत घातलेली दिसली. ज्या मुलानं कधी रुमाल धुतला नव्हता त्यानं चादर धुतली होती. तिला कळलं. मोठ्या मापाच्या चड्ड्या आणून तिनं त्याच्या उशीखाली ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी उशीखाली त्या नाहीत हे बघून तिला वाटलं, झालं, आपलं काम झालं.

कोंडावरच्या मुलींना ती सगळं सांगायची. शेजारची मृणाली आज एका पोराची आई आहे, पण तिला पाळी आली तेव्हा तिच्या आईनं तिला सगुणाकडेच, नव्या सुनेकडे, धाडलं होतं. पण मुलग्याला काय सांगायचं, कोणत्या शब्दात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा दत्तात्रेय न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. तिनं त्याला फोनवर म्हटलं, "पोराशी जरा बोला. मोठा होतोय."

"काय बोलू?"

"तेच. तुमच्या बाप्यांचं."

दत्तात्रेय हसला. "मला कोणी सांगितला होता? म्हशीच्या रेडकाला कोण सांगतो? आपसूक कळतं सगळं."

डिसेंबरच्या अखेरीस शाळेच्या कबड्डीच्या सरावातून ऋत्विक पोट धरून आला. बेंबीच्या खाली हात दाबून तो वाकून उभा होता. "चढाईत लागलं," म्हणाला. सगुणानं विचारलं, "कुठं?" त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं, "पोटात."

दीड वर्षानं तो तिच्यासमोर चटईवर निजला. शर्ट वर केला, चड्डीचा नाडा मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. तिला हसू आलं. दोऱ्यात फरक निघाला. तिनं तेल लावलं, दिवा ठेवला, तांब्या उपडा घातला. अर्ध्या तासात मुलाचा चेहरा सैल झाला. "थांबलं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढं आश्चर्य होतं की येसूबाई दारातून म्हणाली, "मंग? आयस कोणाची हाय?"

दुखणं आपल्या हातानं थांबलं असं सगुणाला वाटलं, आणि ऋत्विकलाही तसंच वाटलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या. पोरांनी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी घालून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. ऋत्विकही पोटभर खाऊन आला. सकाळी साडेपाचला तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. भिंतीला धरून.

"आई, पोटात दुखतंय."

बोलता बोलताच तो मोरीत ओकला. येसूबाई आतून म्हणाली, "वाल बाधलं असतील. न्हायतर बेंबी परत हलली."

सगुणानं चटई घातली. या वेळी तो निजताना कण्हला, आणि पाय सरळ करायला सांगितले तर करीना. तिनं गुडघे दाबून सरळ केले. दोऱ्यात फरक निघाला. तो नेहमीच निघायचा. तांब्या बसला. गुळाचा खडा त्यानं तोंडात धरला आणि थुंकला.

"आता उठू नको," ती म्हणाली. "तीन तास."

तो उठला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. साडेसातला ती पाणी घेऊन गेली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, जानेवारीच्या थंडीत. "कमी आहे?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते तिला कळलं नाही. आठची एसटी गेली. नऊला तिनं पुन्हा दिवा लावला. तांब्या ठेवताना तिचा हात घसरला आणि तांब्या बेंबीखाली सरकला, तेव्हा मुलगा असा ओरडला की शेजारची मृणाली धावत आली.

"काकी, ह्याला गाडीत घाल," मृणाली म्हणाली. मृणाली तिशीची, मागच्या आवाठात, म्हणजे आळीत, माहेर आणि पुढच्या आवाठात सासर, अशी कोंडावरचीच लेक. तिनंच बोर्लीच्या वहाबला फोन लावला.

वहाबकडे इको गाडी होती. सकाळी तो दिघीच्या जेटीला प्रवासी सोडायला जायचा, म्हणून यायला साडेअकरा झाले. पन्नाशीचा माणूस, बारा वर्षं मस्कतला ड्रायव्हर होता. ऋत्विक ओट्यावरून गाडीपर्यंत चालत गेला, पाय फाकवून, पावलापावलाला थांबत. वहाब दार उघडं धरून त्याची चाल बघत होता.

रस्त्यात त्यानं मुलाला पुढं आपल्या शेजारी बसवलं. सगुणा मागं. काजूच्या बागेपाशी त्यानं गाडी हळू केली आणि मुलाच्या कानाशी काहीतरी विचारलं. वहाबनं पुन्हा विचारलं, तसंच हळू. मग ऋत्विकनं मान खाली घालून दोन शब्द सांगितले. एका परक्या माणसाला, गाडीच्या आवाजात.

वहाब आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, "वैनी, पोटाचं न्हाय हे. खाली दुखतंय त्याला. सूज हाय. माझ्या भाच्याला झालेला असा."

"खाली म्हणजे?"

वहाबनं गाडीला वेग दिला. सगुणाला कळलं. तिला एकदम दिसलं की सकाळपासून मुलानं एकदाही बेंबीला हात लावला नव्हता.

बोर्लीच्या डॉक्टरांनी पडद्याआड नेऊन एक मिनिट तपासलं. बाहेर येऊन ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "आत्ताच्या आत्ता माणगाव. मी तिथल्या सर्जनना फोन करतो. वाटेत पाणीही देऊ नका." वहाबनं म्हसळ्याच्या घाटात भोंग्यावरचा हात काढला नाही. माणगावला पोचले तेव्हा दोन वाजत आले होते.

सर्जन तरुण होते. त्यांनी विचारलं, "दुखायला कधी सुरुवात झाली?"

"साडेपाचला," सगुणा म्हणाली. ऋत्विक स्ट्रेचरवर छताकडे बघत होता.

"आता दोन. आधी कधी झालं होतं असं?"

"तीन आठवड्यांमागं. तेव्हा मी बेंबी बसवली. थांबलं होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते चिडले नाहीत, ते तिला जास्त लागलं. "ताई, ते तुम्ही नाही थांबवलं. या वयात कधीकधी अंड आपल्याच नाडीभोवती पिळलं जातं. ओल्या कपड्याला पीळ देतो तसं. रक्त बंद होतं. त्या वेळी पीळ आपोआप सुटला. आज सुटला नाही. पहिल्या सहा तासांत आलात तर बहुतेक वेळा वाचतं." त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. तिनं बघितलं.

डावं अंड काढावं लागलं. उजव्यालाही तसा पीळ बसू नये म्हणून आत टाके घातले. डॉक्टरांनी दोनदा समजावलं की एक पुरतं, दाढीमिश्या येतील, लग्न होईल, मुलं होतील. सगुणा प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. तिच्या नाकात अजून खोबरेल तेलाचा वास होता. तिच्या स्वतःच्याच हातांचा.

दत्तात्रेय ट्रेलर यार्डात लावून संध्याकाळी पोचला. त्यानं मुलाच्या केसांवरून हात फिरवला, बाहेर येऊन बाकावर बसला आणि म्हणाला, "अपेंडिक्स म्हणायचं."

"काय?"

"कोंडावर. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणायचं. वहाबलाही सांगतो. उद्या लग्नाच्या वेळी कोणी बोट दाखवायला नको."

ऋत्विकला शुद्ध आल्यावर त्याचं पहिलं वाक्य हेच होतं. "आई, कुणाला सांगू नको." तिनं त्याच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

घरी आल्यावर येसूबाई आठ दिवस जेवली न जेवल्यासारखी. एकदाच म्हणाली, "सगुणे, दोरा मी दिला तुला." दोरा खुंटीवरच होता. बेंबी बसवायला माणसं येतच राहिली. ती म्हणायची, माझा हात दुखावलाय, माझी कंबर धरलीय, आज अमावास्या आहे.

मुलगा शाळेत जायला लागला, पण कबड्डी सोडली. मैदानावर सगळे एकत्र कपडे बदलतात, हे तो बोलला नाही, तिनं ताडलं. तो तिच्याशी भांडत नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं. भाजी वाढ, दहा रुपये दे, उद्या सुट्टी आहे, एवढंच. एकदा तिनं धीर करून विचारलं, "आता दुखतं का रे? सूज वगैरे?" तो ताटावरून उठून गेला.

दत्तात्रेयाला तिनं खडसावून सांगितलं. तो पुढच्या सुट्टीत मुलाला शेताच्या बांधावर घेऊन गेला. दोघं बाप-लेक तासभर बांधावर बसलेले तिला लांबून दिसत होते.

"बोललात?"

"बोललो."

"काय?"

"म्हटलं, घाबरू नको. आणि दहावीचं वर्ष येतंय, अभ्यास कर."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, बरं." दत्तात्रेयानं चप्पल काढून झटकली. "माझ्यानं न्हाय होत, सगुणा. बावीस चाकांची गाडी मी रिव्हर्स घेतो. हे न्हाय होत."

मे महिन्यात, सकाळी सहाच्या सुमारास मृणाली आपल्या मुलाला घेऊन आली. रितेश बारा वर्षांचा. पोट धरून, वाकून. उपाशी.

"काकी, तुझा हात बरा झाला नसेल तर दुसऱ्या हातानं बघ. पहाटेपासनं कण्हतोय."

सगुणानं चटई घातली नाही. रितेशसमोर उकिडवी बसली. "कुठं दुखतंय, बाळा?"

रितेशनं जमिनीकडे बघितलं. "पोटात."

ते बघणं तिच्या ओळखीचं होतं. मृणालीला तिनं अंगणात पाठवलं आणि मुलाला हळूच विचारलं, "खाली तर दुखत न्हाय ना? शू करतो तिथं? लाजू नको, मला सांग." पोराचे कान लाल झाले. तो शर्टाचं बटण फिरवत बसला. हा बाईला सांगणार नाही, हे तिला कळलं. तिच्या स्वतःच्या मुलानंही सांगितलं नव्हतं.

ती आतल्या खोलीत गेली. ऋत्विक जागा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. "तू विचार त्याला," ती म्हणाली. "तुला सांगेल तो. दोन शब्द विचार फक्त."

ऋत्विकनं भिंतीकडे कूस बदलली.

"ऋत्विक."

तो हलला नाही. ती तिथं उभी राहिली, किती वेळ ते तिला माहीत नाही, पण तेवढ्या वेळात तिनं भिंतीवरचं घड्याळ तीनदा बघितलं. मग ती अंगणात गेली आणि मृणालीला सांगितलं. सगळं. अपेंडिक्स नव्हतं, काय होतं, का झालं, तिनं दोनदा तांब्या कसा ठेवला आणि किती तास घालवले. आतल्या खोलीच्या खिडकीला झडपा नव्हत्या, नुसते गज होते. शब्द न् शब्द आत जात होता.

"वहाबला फोन कर," ती शेवटी म्हणाली. "मी हात लावणार न्हाय त्याला."

मृणालीनं ऐकलं. तोंडावर हात ठेवून ऐकलं, आणि फोन लावला.

दुपारी गाडी परत आली. रितेश पुढच्या सीटवर बसून आइसफ्रूट खात होता. उन्हाळी लागली होती त्याला. लघवीला जळजळत होतं, म्हणून लाजत होता. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाणी प्यायला सांगितलं.

वहाब म्हणाला, "शुकर हाय." मृणालीही म्हणाली, बरंच झालं काकी, जाऊन आलो ते. पण मृणालीच्या सासूला ते पटलं नाही. "धने-जिऱ्याच्या पाण्यानं थांबली असती उन्हाळी. उगाच गाडीचा हेलपाटा." आणि संध्याकाळपर्यंत विहिरीवर, दुकानात, गिरणीत सगळ्यांना माहीत झालं, की सगुणाच्या हाताचा गुण गेला, आणि का गेला, आणि तिच्या मुलाचं काय झालं. हे मृणालीनं सांगितलं का तिच्या सासूनं, याचा शोध सगुणानं घेतला नाही.

येसूबाई म्हणाली, "शपथ मोडलीस."

"व्हय."

"आनि निघाली उन्हाळी."

"व्हय, आत्या."

तीन दिवस ऋत्विकनं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. आजीकडून मागून घ्यायचा. चौथ्या दिवशी तो दुकानातून परत आला तेव्हा शर्टाची बाही उसवली होती आणि कोपर खरचटलं होतं. कुणी काय म्हटलं ते त्यानं सांगितलं नाही. सगुणा मागच्या पडवीत वालाचं बियाणं राखेत घोळवत होती. तो येऊन उंबऱ्यावर बसला. तिनं डोकं वर केलं नाही, उठून जाईल म्हणून.

"रितेशला काहीच नव्हतं," तो म्हणाला.

"न्हाय. उन्हाळी होती."

"म्हणजे उगाच सांगितलंस."

"व्हय."

तो कोपरावरची माती बोटानं काढत राहिला. "परत कुणी आला तर?"

सगुणाचा हात राखेत थांबला. खोटं बोलायची सोय होती. "परत सांगीन," ती म्हणाली. "तुझं नाव घेणार न्हाय. माझं घेईन. मी काय केलं ते सांगीन."

"तेच झालं ना ते."

"तेच झालं."

मागच्या फणसाखाली कोंबडी पाला उकरत होती. दोघं तिच्याकडे बघत होते. मग ऋत्विक, आईकडे न बघता, एका दमात म्हणाला, "साडेपाचला नव्हतं सुरू झालं."

तिला आधी कळलं नाही.

"त्या दिवशी. तू डॉक्टरांना साडेपाच सांगितलंस. मी तीनला उठलो होतो. तीनच्याही आधी असेल. वाटलं, थांबेल मागच्यासारखं. गोधडी तोंडात धरून पडलो होतो." त्याचा आवाज मधेच जाड झाला, मधेच चिरका. "तुला उठवायला दोनदा दारापर्यंत आलो. मग काय सांगायचं, ते सुचेना."

त्याच्या आणि तिच्या अंथरुणात एक कुडाची भिंत होती. ती त्या रात्री गाढ झोपली होती, हे तिला आठवलं.

तिनं राखेचे हात लुगड्याला पुसले. त्याच्याजवळ जावं की जाऊ नये, हे तिला ठरवता येईना, म्हणून ती होती तिथंच बसली. "पुढं कधी दुखलं," ती म्हणाली, "तर काय सांगायचं ते सुचायची वाट बघू नको. नुसती हाक मार. मी विचारणार न्हाय कुठं ते. गाडी बोलवीन."

"आणि तांब्या?"

"न्हाय."

"दोरा?"

सगुणा उठली, खुंटीवरचा काळा दोरा काढून आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग खिशात घातला.

"कोपराला हळद लाव," ती म्हणाली.

"तू लाव," तो म्हणाला, आणि हात पुढं केला.